मावशीच्या घरातली काळी वायर

सिरसाळ्याच्या बाजारात माझं इलेक्ट्रिकचं छोटं दुकान आहे. वायर, बटणं, होल्डर, पंख्याचे कंडेन्सर विकते, आणि बोलावणं आलं की पिशवीत पक्कड-टेस्टर टाकून स्कूटीवर फिटिंगला जाते. बाई शिडीवर चढते म्हणून सुरुवातीला लोक बघायला जमायचे. आता कुणी जमत नाही. लाइट गेली की सरळ फोन करतात.

दसरा होऊन आठवडा झाला असेल. दुपारच्या वेळी एक तरुण मुलगी दुकानात आली आणि काउंटरवर पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं. आत काडेपेटीपेक्षा थोडे मोठे चार पांढरे तुकडे होते, आणि एक गोल, कापड चढवलेला स्पीकर. ती पुण्याला दवाखान्यात नर्स होती आणि सुट्टी काढून आली होती.

"हे आईच्या घरात बसवायचेत," ती म्हणाली. "बोललं की लाइट लागते, पंखा लागतो. बाबा दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्याला जाणार. त्याच्या आत झालं पाहिजे."

मी विचारलं, "खाटेजवळ एक बटण काढून दिलं तर नाही का भागणार?"

तिनं स्वतःचा हात उचलून दाखवला. खांद्यापासून वर नेला, पण बोटं तशीच सैल सोडून. "हात इतका उचलतो. बोटं मिटत नाहीत. बटण दबत नाही."

दोन हंगामांपूर्वी तिची आई उसाच्या भरलेल्या ट्रॉलीवरून खाली पडली होती. मानेचं हाड मोडलं. छातीखाली अंगाला जाणीव राहिली नव्हती. वडील दोन वर्षं घरीच थांबले, मिळेल ते काम करत राहिले. आता जायचं ठरलं होतं. शेजारच्या खोलीतली काकू, आईची जाऊ, या वर्षी टोळीत न जाता मागं राहणार होती.

मी असे तुकडे परळीत दोन बंगल्यांमध्ये बसवले होते. नवी घरं, सगळं फिटिंग नियमानं केलेलं. अर्ध्या दिवसाचं काम. मी म्हणाले, "उद्या येते."

धारूरच्या डोंगराच्या अंगाला त्यांची वस्ती आहे. रस्ता सोडून मुरमाच्या चढानं वर गेलं की पाच-सहा घरं. त्यांच्या दोन खोल्या स्लॅबच्या, पुढं पत्र्याचा पडवीवजा आडोसा. मावशी लोखंडी खाटेवर पडून होत्या. डोक्याला तेल लावून घट्ट वेणी घातलेली, कपाळावर टिकली. खाटेला अगदी लागून पत्र्याचा कूलर होता.

"ये ताई, बस," त्या म्हणाल्या. आवाज खणखणीत. "पोरगी म्हणती की आता डब्याशी बोलायचं. खरं हाय का?"

"खरं आहे मावशी. तुम्ही सांगायचं, तो ऐकणार."

"बरं व्हईल बघ. पाणी पाजायला, अंग पुसायला माणूस लागतंच, त्याचं काई वाटत न्हाई. पर पंखा लाव, पंखा बंद कर, लाइट लाव. दिवसातून पन्नास बार. जावेनं पीठ मळायला घेतलं की मला नेमकं तवाच गरम व्हतं. मग हाक मारायचं जिवावर येतं. गप पडून ऱ्हाते घामात."

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. हसत सांगितलं. पण त्यांचे मालक, मुलीचे वडील, दारात बसले होते, ते उठून बाहेर गेले.

मी बाहेरच्या खोलीतला बोर्ड उघडला. जुना लाकडी बोर्ड, वर सनमायका, आत जागा कमी. आतल्या वायरींकडं पाहून मी थांबले.

साधं बटण म्हणजे दार असतं. एक वायर आत येते, एक बाहेर जाते; दार बंद केलं की करंट थांबतो. हा नवा तुकडा तसा नाही. त्याला स्वतःला सतत जागं राहावं लागतं, कुणी हाक मारली की ऐकावं लागतं. त्यासाठी त्याला करंट आणणारी फेज लागते आणि परत नेणारी न्यूट्रलही लागते, दोन्ही त्याच डबीत. तो बनवणाऱ्यानं धरूनच चाललेलं असतं की सगळ्या देशाला जो नियम आहे, तो या घरातही पाळला असेल. बटण फेजवर असेल. तांबडी वायर फेज असेल, काळी न्यूट्रल, हिरवी जमिनीत जाणारी. थोडक्यात, रंग खरं बोलत असतील.

इथं बोर्डात नुसती काळी वायर आली होती. बटणानं न्यूट्रल तोडली जात होती. मी बटण बंद केलं, शिडीवर चढले आणि होल्डरला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. दिवा बंद, पण होल्डरमध्ये करंट तसाच. आतल्या खोलीत उलटा प्रकार: तिथं बटणाला फेज होती, न्यूट्रल वरूनच पंख्याला गेलेली. म्हणजे एका डबीत फेज नाही, दुसरीत न्यूट्रल नाही. आणि हिरवी वायर तर घरात कुठंच नव्हती.

"कुणी केलं हे?" असं मी पुटपुटत होते, तेवढ्यात माझं लक्ष सांध्यावरच्या चिकटपट्टीकडं गेलं. दोन वेढे सरळ, एक उलटा, आणि शेवट आत खोचलेला. अशी पट्टी मी गुंडाळते. दुसरं कुणी गुंडाळत नाही.

खाटेवरून मावशी म्हणाल्या, "कावून थांबलीस? तुमीच केलतं की हे फिटिंग. तुज्या वस्तादासंगं आलतीस. दोन येण्या घातलेली बारीक पोर हुतीस. मी तुला च्या दिलता."

मला सगळं आठवलं.

आयटीआय करून मी दोन वर्षं घरी बसले होते. इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलेली मुलगी कामाला ठेवायला कुणी तयार नव्हतं. धर्मापुरीचे एक म्हातारे वायरमन, सगळे त्यांना वस्ताद म्हणायचे, ते एकटेच म्हणाले, "शिडी धरता येती का? मग ये." त्यांनी मला शिडी धरायला ठेवलं आणि महिन्याभरात शिडीवर चढवलं. लोक काही बोलले की ते म्हणायचे, "करंटला कळतंय का रे, बाई हाय का बाप्या?" आज माझं जे काही आहे ते त्या माणसामुळं आहे.

त्या दिवशी याच खोलीत मी त्यांना विचारलं होतं. "वस्ताद, बटणात तांबडी घ्यायला पाहिजे ना? पुस्तकात तसं आहे." ते वरून म्हणाले, "तांबडी संपली. एवढ्यासाठी सिरसाळ्याला जायचं का? दिवा लागल्याशी मतलब." मी गप्प बसले आणि काळी वायर बटणात कसली. दिवा लागला. या मावशींनी त्या दिव्याला हात जोडले. आणि मी पुस्तकातला तो नियम परीक्षेपुरता होता असं समजून पुढच्या घराला गेले.

हिरवी वायर नसली की पत्र्यात उतरलेल्या करंटला जमिनीत जायला वाट नसते. मी शिडीवरून उतरले आणि कूलरला उलटा हात लावला. बारीक झिणझिणी आली.

"मावशी, कूलर चावतो का?"

"जाऊ म्हणती की चावतोय. मला काय कळतंय? माजे पाय तर लाकडावानी." त्यांनी पायांकडं मान केली. त्यांचा डावा पाय खाटेच्या लोखंडी पट्टीला टेकलेला होता, आणि खाट कूलरला.

मी आधी मेन स्विच पाडला आणि खाट ओढून कूलरपासून दूर केली. मग पायरीवर जाऊन बसले. करंट बसला तर माणूस हात झटकतो, ओरडतो, दूर होतो. यांना ते कळलंच नसतं. पुस्तकात जे रंग, जे नियम आम्ही घोकले होते, ते ज्याला स्वतःला दूर होता येत नाही त्याच्यासाठीच लिहिलेले असावेत, असं मला त्या पायरीवर पहिल्यांदा वाटलं.

मुलगी बाहेर आली. "काय झालं ताई? बसत नाहीत का?"

"बसतील," मी म्हणाले. "पण आधी घराचं फिटिंग नवं करावं लागेल. सगळं. चूक माझी आहे." आणि मी तिला जे होतं ते सांगितलं. नर्सला असं काही समजावून सांगावं लागत नाही. ती एवढंच म्हणाली, "दिवाळीला बारा दिवस आहेत."

त्या संध्याकाळी मी धर्मापुरीला वस्तादांकडं गेले. त्यांना आता डोळ्यांनी कमी दिसतं, काम सोडून बरीच वर्षं झालीत. ओट्यावर बसले होते. मी समोर बसून सगळं सांगितलं. ते चिडले.

"मला शिकवायला आलीस व्हय? शंभर घरात माजा दिवा जळतोय. एक मेलं का कुणी?"

"अजून नाही मेलं, वस्ताद."

हे मी बोलले आणि माझी मलाच भीती वाटली. त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. ते उठून आत गेले. मी थोडा वेळ थांबले आणि परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीवर पोचले तर ते आधीच तिथं. कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून आलेले. मावशींच्या खाटेजवळ खुर्चीत बसून चहा पीत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "अर्थिंगचा खड्डा पुरुषभर खोल पायजे. या मुरमात पहारीशिवाय व्हायचं न्हाई."

मावशींच्या मालकांनी पहार उचलली. आदल्या दिवशी तो माणूस घरात वावरताना मला हरवल्यासारखा दिसला होता. बायकोच्या बाबतीत त्याला करता येण्यासारखं काही उरलं नव्हतं. आता त्याला एक काम मिळालं. दीड दिवस तो खणत होता. उसाच्या फडात वीस वर्षं कोयता चालवलेला माणूस. एकदा वाकला की वाकलेलाच. डोकं खड्ड्याच्या आत गेलं तेव्हा मावशी आतून ओरडल्या, "बास करा, हीर काढता काय!" आणि सगळे हसले. पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, वरून घागरीनं पाणी ओतलं. तिथून हिरवी वायर घरात आणली.

वायरी झाकणारी भिंतीवरची जुनी पट्टी मी सगळी उतरवली. नव्या पट्टीतून प्रत्येक बोर्डात तांबडी, काळी, हिरवी, तिन्ही नेल्या. लाकडी बोर्डांच्या जागी खोल डब्या बसवल्या, म्हणजे बटणामागं तो तुकडा मावेल. बटणं मात्र ठेवली, कारण जावेला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलत बसायला लागू नये. वस्ताद खुर्चीत बसून विचारत राहायचे, "हितं कुठला रंग घातलास?" मी सांगायचे. "हां," म्हणायचे. दर बोर्डाला विचारलं.

मेन बोर्डात मी आरसीसीबी बसवला. मावशींनी ते काय म्हणून विचारलं. मी सांगितलं, "घरात जेवढा करंट आला तेवढाच परत गेला पाहिजे. थोडा जरी कुणाच्या अंगातून जमिनीत गेला, तर याला लगेच कळतं आणि हा घरच बंद करतो. तुमच्या पायांना कळलं नाही तरी याला कळेल."

"म्हंजी माज्या पायाचं काम आता हा करणार," त्या म्हणाल्या.

सगळं जोडून झालं. मेन चढवला. आतला दिवा लागला, पंखा लागला, कूलर लागला. कूलरला उलटा हात लावून बघितला, काही नाही. मग बाहेरच्या अंगणातला दिवा लावला, त्याची वायर तेवढी जुनीच ठेवली होती, आणि खटकन सगळं घर बंद.

परत चढवलं. परत बंद. मी बाहेरचा होल्डर बदलला, वायर तपासली, बटण उघडलं. अंगणातला दिवा लावला की आरसीसीबी पडणारच. दुपार कलली. मुलगी मोबाइलवर काहीतरी शोधत होती, मालक पहार धरून उभे होते, जणू आणखी एक खड्डा खणायला तयार. करंट जात होता, पण परत येत नव्हता. मग जात कुठं होता?

वस्ताद खुर्चीतून उठले. भिंतीला हात लावत लावत बाहेर आले, अंगणाच्या कडेला जिथं बंद पडलेला हापसा होता तिथपर्यंत गेले आणि वाकून त्याच्या बुडाला चाचपडू लागले. माती बाजूला केली. पाइपाला गुंडाळलेली एक काळी वायर वर आली.

"हा दिवा मी मागनं येऊन लावलता," ते म्हणाले. "तू नव्हतीस तवा. न्यूट्रल कमी पडली. मग हापशाच्या पाइपाला बांधली. जमिनीतनं परत जातीच की, म्हणलं."

त्यांनी वायर हातात धरली होती. "लेकरं हापसायची हितं," ते हळू आवाजात म्हणाले. "वल्या हातानं."

मावशींची खाट दारातून दिसत होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या वस्तादांना म्हणाल्या, "मामा, त्या साली तुमी दिवा लावला म्हणून माज्या पोरीनं अंगणात बसून दहावी केली. त्ये बी ऱ्हाऊ द्या की ध्यानात. आता वायर नीट करा अन् च्या घ्या."

वस्तादांनी पक्कड मागितली. ती गाठ त्यांनी स्वतः तोडली. मी नवी काळी वायर आतून ओढून बाहेरच्या दिव्याला दिली, मेन चढवला, दिवा लावला. आरसीसीबी जागेवरच राहिला.

मग स्पीकर. नेट वस्तीवर येतं ते मोबाइलचं, म्हणून मुलीनं जुना मोबाइल कायमचा चार्जिंगला लावून ठेवला. डब्याला हिंदी कळते. मावशींना बोलता येईल की नाही याची मुलीला काळजी होती, पण वीस हंगाम कर्नाटकापर्यंत फिरलेल्या बाईला हिंदी कुणी शिकवायची? त्यांनी घसा साफ केला. डब्याला उठवायला आधी त्याच्या नावानं हाक मारायची असते, ती मारली आणि म्हणाल्या, "पंखा चालू करो."

पंखा फिरायला लागला.

त्या वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पंखा बंद करो." बंद झाला. "चालू करो." झाला. मुलगी तोंडावर ओढणी धरून भिंतीकडं वळली. मावशी मात्र रडल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर मिस्कील भाव आला. "वीस वर्षं मुकादम मला म्हणायचा, उठ, चल, मोळी बांध. आता माजा बी एक गडी हाय. ह्याला मी लई राबवणार बगा."

नंतरची पंधरा मिनिटं त्या गड्याला खरंच श्वास घेऊ दिला नाही.

टोळी दिवाळीच्या पाडव्यानंतर निघाली. जाण्याच्या दिवशी मालकांनी मला फोन केला. बोलायला त्यांना जमत नाही. "मीठ-पाणी घालत जायचं का खड्ड्याला?" एवढंच विचारलं. मी म्हणाले, पाणी घालायला काकूंना सांगून जा, उन्हाळ्यात जास्त. "बरं," म्हणाले, आणि पुढं, "आता जातो मग."

त्या हिवाळ्यात मी दोनदा वस्तीवर गेले. नेट कधीकधी जायचं, तेव्हा डबा मुका व्हायचा आणि मावशी त्याला शिव्या घालून जावेला हाक मारायच्या. पण एरवी जाऊ पीठ मळत असायची आणि घरात मावशींचा आवाज चालू असायचा. मुलगी पुण्याहून मोबाइलवर बघायची, आईच्या खोलीतला दिवा लागलाय का. एकदा मावशींनी मला सांगितलं की दुपारी एकट्या असल्या की त्या उगाच अंगणातला दिवा लावतात. "उन्हात?" मी विचारलं. "हां. माजा हाय. मला वाटलं म्हणून."

वस्तादांचा निरोप संक्रांतीनंतर आला. भेटायला ये. गेले तर ओट्यावर शाळेची एकरेघी वही घेऊन बसले होते. नातसुनेकडून त्यांनी यादी लिहवून घेतली होती: गाव, घर, किती खोल्या, कुठली वायर कुठं कमी पडली होती. डोळ्यांना दिसत नसलं तरी एकेक भिंत त्यांना पाठ होती.

"समदी न्हाई आठवत," ते म्हणाले. "पर ज्या घरात म्या न्यूट्रलला बटण घातलं त्ये आठवतंय. जिथं पाइपाला बांधलं त्ये बी. येशील का संगं?"

आता आठवड्यातून एक दिवस आम्ही जातो. ते स्कूटीवर माझ्या मागं बसतात, एका हातानं माझा खांदा धरतात. सगळी घरं दार उघडतात असं नाही. मागच्या आठवड्यात एका शेतकऱ्यानं आम्हाला अंगणातच अडवलं.

"इतकी वर्षं चालतंय की, वस्ताद. आता कावून उचकायचं?"

वस्ताद काठीवर रेलून उभे राहिले. "चालतंय त्ये तुज्या नशिबानं," ते म्हणाले. "माज्या कामानं न्हाई."

त्या माणसानं त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आतून त्याची सून कडेवर लेकरू घेऊन दारात आली होती. तीच म्हणाली, "येऊ द्या की. फ्रीजला हात लावला की बारीक चावतं, मी कवाची सांगतीया."

तो बाजूला झाला. मी चपला काढल्या, मेन स्विच कुठं आहे ते विचारलं, आणि वस्तादांना बसायला खुर्ची मागितली.